तळ्याकाठच्या आडरानातल्या लॉजवर राहायला जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बुकिंगच्या आधी आणि नंतर लोक जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. जिथे चुकीचा अंदाज अंगाशी येतो, तिथलं उत्तर लांबलं आहे. बाकीची एका ओळीत उरकली आहेत. प्रत्येक तळ्याची तऱ्हा वेगळी असते, म्हणून गरज पडली तिथे जागेचं नावही दिलं आहे.

बुटीक लॉज म्हणजे साध्या रिसॉर्टपेक्षा वेगळं काय?

खोल्या कमी, बहुतेक सहा ते पंधरा. मालक किंवा व्यवस्थापक स्वतः हजर असतो आणि दुसऱ्या दिवशी सगळे तुम्हाला नावाने ओळखतात. याला कुठलंही अधिकृत प्रमाणपत्र नसतं. कोणीही स्वतःला बुटीक म्हणवून घेऊ शकतो. म्हणून दोनच आकडे विचारा: खोल्या किती आणि होड्या किती. दहा खोल्यांना एकच होडी असेल, तर सकाळची फेरी रांगेत उभं राहून मिळणार हे धरून चाला. होड्या पुरेशा असतील, तर माहितीपत्रकातली विशेषणं वाचली नाहीत तरी चालेल.

किती रात्री राहावं?

कमीत कमी तीन. पहिला दिवस पोहोचण्यात जातो आणि शेवटचा निघण्यात. दोन रात्रींचं बुकिंग केलं तर हातात जेमतेम एक पूर्ण दिवस उरतो, आणि नेमका त्याच दिवशी पाऊस येतो.

तिथपर्यंत पोहोचायचं कसं? शेवटचा टप्पा फार अवघड असतो का?

अवघड नसतो, पण तो तुमच्या घड्याळावर चालत नाही. जीप, होडी किंवा छोटं विमान, यांपैकी काहीतरी असतं आणि तिन्हींची वेळ हवा ठरवते. मोठ्या तळ्यावर सकाळी पाणी बहुधा शांत असतं. ऊन तापलं की जमीन पाण्याआधी गरम होते, पाण्यावरून किनाऱ्याकडे वारा सुटतो आणि दुपारपर्यंत चांगल्या लाटा उठतात. म्हणून लॉजवाले सकाळची होडी गाठायला सांगतात. त्यांनी "बारापर्यंत धक्क्यावर या" असं कळवलं असेल, तर बारा म्हणजे बाराच.

छोट्या विमानाने जाणार असाल तर सामानाची मर्यादा आधी पाहा. केनिया-टांझानियात अशा विमानांत साधारण १५ किलो चालतात, तेही हातातल्या पिशवीसकट. पिशवी मऊ हवी. चाकांची कडक बॅग विमानाच्या पोटातल्या अरुंद कप्प्यात शिरतच नाही आणि मग ती धावपट्टीवरच मागे राहते.

परतीचं मोठं विमान आणि लॉजमधून निघणं एकाच दिवशी कधीही ठेवू नका. मध्ये एक मोकळी रात्र असू द्या. वादळामुळे होडी सुटली नाही, तर त्या उशिराची भरपाई ना लॉज देत ना विमान कंपनी. प्रवास विम्यात विलंबाचं कलम असेल तरच काही हाती लागेल.

खोलीतून तळं दिसेल ना?

फोटोत दिसतं तसंच दिसेल, असं समजू नका. तळं जागच्या जागी राहत नाही. धरणाच्या जलाशयाकाठी असाल तर उन्हाळ्याअखेर पाणी कितीतरी मागे सरकतं आणि समोर भेगाळलेला गाळ दिसतो. झांबिया-झिम्बाब्वेच्या सीमेवरच्या करिबा जलाशयात २०२२ च्या अखेरीस वीजनिर्मितीसाठी वापरता येणारं पाणी ५ टक्क्यांच्याही खाली गेलं होतं. याच्या उलटही घडतं. केनियातल्या बारिंगो तळ्याचं पाणी गेल्या दशकात इतकं चढलं की काठावरची लॉज आणि घरं पाण्यात गेली.

यावर उपाय सोपा आहे. तुम्ही ज्या महिन्यात जाणार, त्याच महिन्यातला मागच्या वर्षीचा फोटो मागवा. मोबाइलवर काढलेला, कसाबसा आलेला चालेल. तो पाठवायला जे टाळाटाळ करतात, त्यांच्याबद्दल मला शंका येते.

पाणी मागे सरकलेलं असतं तेव्हा प्राणी मात्र छान दिसतात. उघड्या पडलेल्या काठावर कोवळं गवत उगवतं आणि कळप दिवसाउजेडी त्यावर येतात. तळ्याचं दृश्य हवं की प्राणी हवेत, हे ठरवूनच महिना निवडा.

मग सगळ्यात चांगला काळ कोणता?

उष्ण प्रदेशात प्राण्यांसाठी कोरड्या ऋतूचा शेवट, पक्ष्यांसाठी आणि हिरवाईसाठी पावसाळ्याची सुरुवात. उत्तरेकडच्या थंड देशांत उन्हाळा छोटा असतो आणि त्याच्या सुरुवातीला चावऱ्या काळ्या माश्यांचा सुळसुळाट असतो. तिथे उन्हाळा सरता सरता जावं: माश्या कमी, पाणी त्यातल्या त्यात कोमट आणि रात्री पुरेशा काळोख्या.

हिवाळ्यात गोठलेलं तळं पाहायला जाणाऱ्यांसाठी एक आकडा: माणसाला चालायला स्वच्छ, पारदर्शक बर्फाची जाडी निदान १० सेंटिमीटर हवी. पांढरट, बुडबुड्यांचा बर्फ त्याच्या निम्माच मजबूत धरतात. रशियातलं बैकाल सरोवर जानेवारीपासून साधारण मेपर्यंत गोठलेलं असतं, तरी तिथलेही जाणकार दरवेळी बर्फ तपासूनच पाऊल टाकतात. रात्री बर्फातून तोफ डागल्यासारखा आवाज आला तर घाबरू नका. तापमान बदललं की बर्फ आक्रसतो-फुगतो, तडे जातात. ते नेहमीचंच आहे.

वीज चोवीस तास असते का? हेअरड्रायर का चालत नाही?

बहुतेक ठिकाणी सौर पॅनेल, बॅटऱ्या आणि एक इन्व्हर्टर, एवढ्यावरच सगळं लॉज चालतं. जोडीला डिझेल जनरेटर असतो, पण तो काही तासच लावतात. रात्रभर चालला तर त्याच्या घरघरीने कोणालाच झोप लागणार नाही. एलईडी दिवा ९ वॉटचा. हेअरड्रायर १,२०० ते २,००० वॉटचा. म्हणजे एक ड्रायर लागला की दीडशे-दोनशे दिवे एकदम पेटल्यासारखं होतं. सकाळी सातला तीन खोल्यांत तीन ड्रायर सुरू झाले की इन्व्हर्टर बसतो आणि स्वयंपाकघरातले फ्रीजही बंद पडतात. इलेक्ट्रिक किटली, इस्त्री आणि पाणी तापवायची कांडी यांचंही तेच. फोन, कॅमेरा, लॅपटॉप यांना काहीच अडचण नाही.

झोपेत श्वासासाठी सीपॅप मशीन लागत असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा. ह्युमिडिफायर बंद ठेवला तर ते बरीच कमी वीज खातं आणि रात्रभर चालवता येतं, पण खोलीत रात्री वीज चालू राहते का, हे आधी कळायला हवं. काही लॉज दहानंतर खोल्यांची वीज तोडतात. त्यांच्याकडे वेगळी बॅटरी मिळते का ते विचारा.

गरम पाणी?

असतं. सूर्यावर तापणारी टाकी असेल तर संध्याकाळी अंघोळ करा. लाकडावर चालणारा बॉयलर असेल, तर तो जुन्या बंबासारखाच: जाळ घालायला माणूस लागतो आणि पाणी यायला वेळ लागतो. गॅस गीझर असेल तर बाथरूमला उघडी जाळी आहे का, ते स्वतः पाहा. खोलीत लाकडाची शेगडी असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का, हेही विचारा. या वायूला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला कळायच्या आत तो घात करतो. छोटा, बॅटरीवरचा अलार्म मुठीत मावतो. थंड प्रदेशात जाताना सोबतच न्यावा.

मोबाइलला रेंज असेल का?

बहुधा नाही. हल्ली बऱ्याच लॉजवर उपग्रहाचं इंटरनेट आलं आहे, पण ते जेवणघरापुरतं ठेवतात. मला ते योग्यच वाटतं. घरच्यांना लॉजचा आपत्कालीन नंबर देऊन ठेवा आणि "दोन दिवस फोन आला नाही तर काळजी करू नका" असं निघण्याआधीच सांगा. २०२२ पासूनच्या काही आयफोनवरून रेंज नसतानाही उपग्रहामार्फत मदतीचा संदेश पाठवता येतो, पण मोजक्याच देशांत. तुमच्या देशाचं नाव त्या यादीत आहे का, हे घरी असतानाच पाहा.

तळ्यात पोहता येईल का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं एकच उत्तर नाही. लॉजवाले "नको" म्हणाले तर कारण न विचारता ऐका. ते "हो" म्हणाले तर पुढचं वाचा.

थंड प्रदेशातलं तळं वरून फसवतं. उन्हाने तापलेला थर वरचे थोडे मीटर, त्याखाली एकदम गारठा. ४ अंश सेल्सिअसचं पाणी सगळ्यात जड, म्हणून खोल तळ्याच्या तळाशी ते वर्षभर बसून असतं. वारा जोरात वाहिला की वरचं कोमट पाणी पलीकडच्या काठाला ढकललं जातं आणि तुमच्या धक्क्यापाशी खालचं गार पाणी वर येतं. काल छान होतं म्हणून आज उडी मारणाऱ्याचा श्वास अडकतो तो यामुळे. थंड पाण्यात पडलेल्यांसाठी एक हिशोब सांगतात: पहिलं १ मिनिट धाप आवरायची, पुढची साधारण १० मिनिटं हातपाय कामाचे राहतात, आणि शुद्ध हरपायला सुमारे १ तास लागतो. म्हणजे बुडणारे बहुतेक जण गारठून नव्हे, त्याआधीच धाप लागून किंवा हातपाय गळून बुडतात. लाइफ जॅकेट अंगात असेल तर तो तास तुमच्या हातात राहतो. उडी मारू नका, पायऱ्यांनी उतरा.

उष्ण प्रदेशात मगर आणि पाणघोडे तर आहेतच, पण न दिसणारी गोष्ट जास्त त्रास देते. मलावी सरोवरासह आफ्रिकेतल्या अनेक तळ्यांत बिल्हार्झिया या आजाराचा परजीवी असतो. गोगलगायीतून तो पाण्यात येतो आणि माणसाच्या धडधाकट कातडीतून आत शिरतो. जखम असावीच लागते असं नाही. लव्हाळ्यांचा, उथळ, संथ काठ सगळ्यात वाईट. खोल पाण्यात, होडीतून उतरून पोहणं त्यातल्या त्यात कमी धोक्याचं. परत आल्यावर दोन-तीन महिन्यांनी डॉक्टरांना तळ्याचं नाव सांगून तपासणी करून घ्या, काहीच होत नसलं तरीही. प्राझिक्वांटेल नावाच्या औषधाने हा आजार बरा होतो. अडचण एवढीच की अनेकांना आपल्याला तो झाल्याचं कळतच नाही.

आणि पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखी साय दिसली, तर कुठल्याही देशात पाय घालू नका. ते निळं-हिरवं शेवाळ असू शकतं. त्यातलं विष पाणी उकळूनही जात नाही, त्यामुळे ते पिण्याचा तर प्रश्नच नाही.

कयाक किंवा वल्ह्याची होडी एकट्याने नेली तर चालेल?

सांगून न्या. जाताना वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने निघा, म्हणजे दमल्यावर वारा तुम्हाला घरी आणतो. नवखे नेमके उलट करतात, कारण वाऱ्याबरोबर जाणं सोपं वाटतं. मेघगर्जना ऐकू आली की तिथल्या तिथे काठाला या. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्यात उतरायचं नाही.

रात्री खोलीतून जेवणघरात जाताना सोबत माणूस का पाठवतात? कुंपण नसतं का?

नसतं, आणि नसावंच. कुंपण घातलं तर प्राण्यांची पाण्यावर जायची वाट अडते. आफ्रिकेत पाणघोडे दिवसभर पाण्यात आणि रात्रभर काठावर चरतात. हिरवळ तुमच्या खोलीपुढे असेल तर ते तिथेच येणार. पाणघोडा अवाढव्य असला तरी माणसाहून वेगाने धावतो. त्याच्या आणि पाण्याच्या मधोमध कधी उभं राहू नका. रात्री पायरीपाशी गवत ओरबाडल्याचा खरखर आवाज येतो, मधूनच एक लांब फुस्कारा. पडदा बाजूला सारून पाहा, दार उघडू नका.

अस्वलांच्या प्रदेशात नियम वेगळा: खोलीत खाण्याची वस्तू नाही, टूथपेस्टही बंद डब्यात. अस्वलांवर मारायचा मिरचीचा फवारा प्रवासी विमानात नेता येत नाही, ना केबिनमध्ये ना सामानात. तिथे पोहोचल्यावर लॉजकडूनच घ्या.

खोलीत शिट्टी किंवा भोंगा ठेवलेला असतो. तो संकटासाठी आहे. पाल दिसली म्हणून वाजवू नका. पाल डास खाते, तिला राहू द्या.

डास आणि किडे किती असतात?

पाणी आहे म्हणजे असणारच. हिवतापाच्या प्रदेशात जाणार असाल तर महिना-दीड महिना आधी डॉक्टरांकडे जा. काही गोळ्या एक-दोन दिवस आधी सुरू करतात, काही दोन आठवडे आधी, आणि परतल्यावरही त्या ठरलेले दिवस घ्याव्याच लागतात. बरं वाटतंय म्हणून मध्येच सोडायच्या नाहीत. संध्याकाळनंतर लांब बाह्या, पायमोजे आणि डीईईटी किंवा पिकारिडिन (डासांना दूर ठेवणारी रसायनं) असलेलं मलम. सनस्क्रीन आधी, हे मलम नंतर.

मलावी सरोवरावर कधी कधी पाण्यातून धुराचा काळा खांब उठल्यासारखा दिसतो. आग लागलेली नसते, ती कोट्यवधी सरोवरमाश्यांची झुंबड असते. त्या चावत नाहीत. ढग काठाला आला तर तोंड मिटा, दिवे मालवा आणि जाऊ द्या.

गोचीड चिकटली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल लावणं, काडी पेटवून चटका देणं, हे सगळं बंद.

आम्ही धक्क्यावर हळूच बोलत होतो, तरी पलीकडच्या खोलीतून तक्रार आली. असं कसं?

रात्री पाण्यालगतची हवा गार आणि वरची उबदार असते, त्यामुळे आवाज वर न जाता वाकून परत खाली येतो. पाण्यावर अडवायलाही काही नसतं. धक्क्यावरचं हळू बोलणंही बरंच दूरवर ऐकू जाऊ शकतं. याच कारणाने उत्तर अमेरिकेतल्या तळ्यांवर लून पक्ष्याची आर्त हाक मध्यरात्री पार दुसऱ्या टोकावरून येऊन तुम्हाला जागं करते. कौटुंबिक वाद खोलीत घाला.

लहान मुलांना नेता येईल?

लॉजला किमान वय विचारा. सहा, आठ, बारा, जागेप्रमाणे बदलतं. वयाची अट जाचक वाटते, पण लाकडी चौथऱ्यांना कठडे नसतात आणि खाली लगेच पाणी असतं. मुलाच्या वजनाचं लाइफ जॅकेट आहे का, आणि त्याला पायांमधून येणारा पट्टा आहे का, हे लेखी विचारा. पट्टा नसेल तर पाण्यात पडल्यावर जॅकेट वर सरकतं आणि मूल खाली राहतं. बुडणारं मूल ओरडत नाही, हात हलवत नाही. धक्क्यावर मुलांजवळ एका मोठ्या माणसाने फोन बाजूला ठेवून बसायचं, आणि तो माणूस कोण, हे बोलून ठरवायचं.

पथ्य आहे. जेवणाचं काय?

दोन आठवडे आधी कळवा. किराणा आठवड्यातून एक-दोनदाच येतो; पोहोचल्यावर सांगितलं तर आचारी मनाने कितीही चांगला असला तरी काही करू शकत नाही.

तिथे आजारी पडलो तर?

विमा घेताना "तातडीने हलवण्याचा खर्च" हे शब्द शोधा. रुग्णालयाचा खर्च देणारे बरेच विमे होडी किंवा हेलिकॉप्टरचा खर्च देत नाहीत. अनेक ठिकाणी हेलिकॉप्टर रात्री उतरत नाही, म्हणजे सूर्यास्तानंतर काही झालं तर सकाळपर्यंत तिथेच. हृदयविकार अलीकडेच झालेला असेल किंवा गरोदरपणाचे शेवटचे महिने असतील, तर मी सरळ "नंतर जा" म्हणेन. नेहमीची औषधं चार-पाच दिवस जास्तीची न्या आणि हातातल्या पिशवीत ठेवा.

साप चावला तर अंगठी-घड्याळ काढा, तो भाग हलवू नका, चावल्याची वेळ लक्षात ठेवा आणि निघा. चिरा देणं, चोखणं, करकचून बांधणं, काहीच नको.

गुडघे दुखतात. जमेल का?

होडीतून धक्क्यावर चढणं हा सगळ्यात कठीण भाग असतो, खोलीच्या पायऱ्या नव्हेत. पाणी उतरलं की होडी आणि धक्का यांतली उंची वाढते. त्या जागेचा फोटो आणि वाटेवरच्या पायऱ्यांची संख्या मागवा. व्हीलचेअर असेल तर वाट फळ्यांची आहे की वाळूची, हेही विचारा.

कपडे कुठले?

मळखाऊ रंगाचे. आफ्रिकेतल्या चावऱ्या त्सेत्से माशीच्या भागात निळा आणि काळा टाळा. तिला पकडायचे सापळेच त्या रंगांच्या कापडाचे असतात. लष्करी छापाचे कपडे झिम्बाब्वे-झांबियात सामान्य माणसाने घालणं बेकायदा आहे. उष्ण प्रदेशातही पहाटेच्या होडीसाठी वारा अडवणारं जाकीट हवंच. हेडटॉर्च लाल दिव्याचा घ्या. डोळे अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि पांढऱ्या प्रकाशाचा एक झोत ते सगळं घालवतो. आकाशगंगा पाहायची असेल तर अमावस्येच्या आसपासच्या तारखा धरा.

ड्रोन नेऊ का?

नको. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत २०१४ पासून बंदी आहे, इतरत्रही बहुतेक ठिकाणी परवानगी लागते. आणि घरटी करणारे पक्षी त्याला शिकारी पक्षी समजतात.

निघताना बूट आणि वल्ही धुवून वाळवायला का लावतात?

तुमच्या बुटाच्या खाचेतल्या चिखलातून एका तळ्याचं शेवाळ किंवा शिंपल्याचं पिल्लू दुसऱ्या तळ्यात जातं. उत्तर अमेरिकेच्या पंचमहासरोवरांच्या परिसरात झेब्रा शिंपले १९८८ मध्ये सापडले, जहाजांनी तोल राखायला भरलेल्या पाण्यातून आलेले. तिथून ते दूरवर पसरले आणि त्या महासरोवरांतून आजतागायत कोणालाही हटवता आलेले नाहीत. न्यूझीलंडमध्ये २००४ मध्ये डिडिमो शेवाळ आढळलं, तेव्हापासून तिथे बूट, गळ, कयाक तपासायचे, धुवायचे आणि पूर्ण सुकल्यावर आणखी ४८ तास कोरडे ठेवायचे असा नियम आहे. पुढच्या दोन दिवसांत दुसऱ्या तळ्यावर जाणार असाल तर लॉजवाल्यांना तसं सांगा. त्यांच्याकडे निर्जंतुक करायचं द्रावण असतं, किंवा ते दुसरे बूट देतात.